साडेतीनची गल्ली

६ ऑगस्ट

ती. आत्या,

नमस्कार. पोचल्या पोचल्या लिहीन म्हणाले होते आणि आज अकरावा दिवस, म्हणून आधीच कान धरते. फोन केला असता, पण दवाखान्याच्या धुलाईखात्यातल्या यंत्रांनी तुझे कान खाल्लेत आणि मी फोनवर ओरडायला लागले की शेजारच्या खोलीतली मुलगी दार वाजवते.

नोकरी पक्की झाली. छातीवर बिल्ला लावावा लागतो, त्यावर ‘मार्गदर्शक’ असं छापलंय. आपल्या घरातली पहिली पदवी शेवटी बिल्ल्याला अडकली म्हणून हसू नकोस. रोजची सहल ठरलेली आहे. सकाळी साडेआठला बस निघते. चोवीस पाहुणे, एक ड्रायव्हरकाका आणि मी. आधी टेकडीवरचे द्राक्षमळे. तिथे प्रत्येकाला वेलीशेजारी उभं राहून फोटो काढायचा असतो, आणि प्रत्येक जण वेल लाजेल इतक्या जवळ जातो. मग वाइनरी: दगडी तळघर, लाकडी पिंपांच्या रांगा, तीन पेल्यांत चव. तिसऱ्या पेल्यानंतर मला कोणी काही विचारत नाही, सगळे एकमेकांनाच माहिती देऊ लागतात. मग जेवण. साडेतीनला ‘वारसा गाव’, म्हणजे एक लांब गल्ली, दोन्ही बाजूंना चुना दिलेली घरं, मध्ये विहीर, शेवटी दुकान. सहाला परत.

कंपनीने बोलायचा मजकूर टाईप करून दिलाय. चौदा पानं. त्यातलं निम्मं मनाने रचलेलं आहे. घरं म्हणे तीनशे वर्षांची. मला एका गवंड्याने सांगितलं की त्यातल्या सात घरांच्या भिंती त्याने स्वतः गेल्या वर्षी उभ्या केल्या. मी ठरवलंय, माझ्या तोंडून एकही खोटं वाक्य जाणार नाही. पोपटपंचीच करायची तर इतिहास शिकले कशाला?

आता मुद्द्याचं. ही तीच वाइनरी आहे. तू नको म्हणत होतीस तरी मी इथेच अर्ज केला, तो त्याचसाठी. ते हौद मी पाहिले. जमिनीतले, दीड पुरुष खोल. आता वापरात नाहीत, वर जाड काच बसवून आत दिवे सोडलेत. मजकुरात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे: ‘येथे पूर्वी द्राक्षरस आंबवला जाई.’ बाबांबद्दल अक्षर नाही. दोघं जण हौदात बेशुद्ध पडले, बाबा त्यांना काढायला उतरले आणि तिघांतलं कोणीच वर आलं नाही, ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की ती मला डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. पण लोकांना सांगायची तर नीट हवी. ते दोघं कोण होते? त्यांची घरं या गल्लीतच होती का? बाबांचं काम नक्की काय होतं? सगळं लिही. अंगठ्याएवढं उत्तर पाठवू नकोस.

तुझी बडबडी


१७ ऑगस्ट

पदवीधर बाईसाहेबांना आत्याचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. ते वाचून चादरींच्या घड्या घालायला बसले तर चार वॉर्डांच्या चादरी एकात एक गेल्या. मुकादमीण विचारते, लक्ष कुठे आहे. म्हटलं, द्राक्षमळ्यात.

दिवसभर उभी असतेस तर टाचा सांभाळ. नवे बूट चावत असतील तर आत ओल्या कागदाचे बोळे भरून ठेव. जेवतेस ना? पाहुण्यांच्या ताटाकडे बघून पोट भरत नाही.

खोटं बोलणार नाही म्हणतेस ते चांगलंच आहे. पण खोटं न बोलणं वेगळं आणि सगळं बोलणं वेगळं. लोक चार घटका मौजेला येतात. ज्याच्या हातात पेला आहे त्याला मेलेल्यांची गोष्ट सांगू नये. त्याला मग पेलाही गोड लागत नाही आणि गोष्टही.

तुझा बाप दिवेकरी होता. रस आंबतो तेव्हा त्यातून जड हवा निघते. ती दिसत नाही, आणि वास नुसता आंबट रसाचाच येतो. हौद रिकामा केला तरी ती तळाशी बसून राहते. आणि रिकामा हौद तर आत उतरून घासावाच लागतो. म्हणून आधी दिवेकरी साखळीने दिवा खाली सोडायचा. दिवा विझला की कोणी उतरायचं नाही, सुपाने हवा मारत बसायची. जळत राहिला की दिवेकरी मोठ्याने ‘खुला’ म्हणायचा. त्याने ‘खुला’ म्हणेपर्यंत मालक जरी आला तरी शिडीवर पाय ठेवायचा नाही. एवढंच त्याचं काम. बाकी दिवसभर तो इतरांसारखाच पिंपं घासायचा.

त्या दोघांचं काय विचारतेस. बावीस वर्षं झाली. माझी आठवण आमच्याकडच्या जुन्या चादरीसारखी झालीय, उजेडात धरली तर पलीकडचं दिसतं. तू द्राक्षांबद्दल सांग. द्राक्षांबद्दल लोकांना खूप ऐकायचं असतं.

आत्या


२ सप्टेंबर

ती. आत्या,

तुझा सल्ला मानला नाही. सांगितली गोष्ट.

पहिल्या दिवशी हौदाच्या काचेभोवती सगळ्यांना गोल उभं केलं आणि म्हटलं, ‘तुमच्या पायाखाली माझे वडील गेले.’ एवढ्यावर सगळी कुजबुज थांबली. आणि आत्या, तो दिवा तिथेच आहे. पितळी, उभ्या काचेचा, भिंतीवर खिळ्याला टांगलेला. त्याच्याखाली नुसतं ‘जुना दिवा’ असं लिहिलंय. मी तो काढून घेते, साखळी हळूहळू सोडते आणि काचेवर टेकवते. मग ‘खुला’ म्हणजे काय ते सांगते. मग ते दोघं, मग बाबा. एका आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. माझ्या वयाची एक मुलगी रडली आणि नंतर मला मिठी मारून गेली.

आठवड्याभरात व्यवस्थापक बाईंनी बोलावलं. मला वाटलं, मजकूर सोडून बोलते म्हणून काढणार. त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. पानापानावर माझी गोष्ट. त्या म्हणाल्या, ‘गल्लीत लोक कंटाळतात हो. दुपार झालेली असते, पाय दुखत असतात. तुमची गोष्ट तिथपर्यंत न्या. वडील राहायचे ती खोली दाखवा.’ तेव्हा आता साडेतीनला विहिरीपाशी मी पुढचं सांगते: ते कुठे राहायचे, कुठून कामाला निघायचे, तिघांना कुठून नेलं. आपली खोली म्हणजे आता दुकानाची मागची बाजू झालीय, तिथे साबणांची खोकी रचलेली असतात. तरी मी आत जाऊन उभी राहिले. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलाय. तो मात्र खरंच जुना आहे.

गल्लीत खरी राहती घरं आता चारच. त्यातल्या विहिरीसमोरच्या घरात एक म्हाताऱ्या बाई आहेत. मी बोलायला लागले की त्या खिडकी लावून घेतात. रोज. आपटत नाहीत, सावकाश ओढून कडी घालतात, आणि ती कडी सगळ्यांना ऐकू जाते. मी समजू शकते. रोज चोवीस अनोळखी माणसं दारात आली तर मलाही राग येईल. पण अशाच लोकांनी आपला इतिहास आपला मानला नाही तर तो टिकणार कसा? ड्रायव्हरकाकांचं आणखीच वेगळं. ते शेजारच्या गावचे. मला म्हणाले, ‘ताई, विहिरीपाशी जरा आवाज खाली ठेवा.’ म्हटलं, ‘का हो?’ तर म्हणे, ‘दगड आहे. घुमतो.’ आणि फडकं घेऊन बसची पुसलेली काच परत पुसायला गेले.

सगळ्यात मोठी बातमी शेवटी ठेवलीय. हंगाम संपताना, नोव्हेंबरात, गल्लीच्या तोंडाशी दगड बसवणार आहेत. बाबांच्या नावाचा. त्यावरचा पडदा तू दूर करायचास. रजा काढ. दिवेकऱ्याची बहीण म्हणून मी तुझी सगळ्यांशी ओळख करून देणार आहे.

तुझी बडबडी


१० सप्टेंबर

बाईसाहेब,

मला रजा मिळणार नाही. दोघी बायका आजारी आहेत आणि मोठं यंत्र बंद पडलंय. पडदा ओढायला माणसं पुष्कळ मिळतात.

दिवा हातात घेऊ नकोस. का ते विचारू नकोस, नुसता घेऊ नकोस.

विहिरीसमोर म्हणतेस ते घर तीन पायऱ्यांचं आहे का? दाराच्या उजव्या हाताला खिडकी? त्या बाई दिसायला कशा आहेत? शिवणकाम करतात का? एवढं लगेच कळव. दगडाची घाई करू नका म्हणावं. दगड काय, कुठे पळून जात नाही.

इथे ठीक आहे. गुडघे आहेत तसेच.

आत्या


२१ सप्टेंबर

ती. आत्या,

तुझ्या पत्राने मी खट्टू झाले, खोटं कशाला लिहू. ज्या माणसाची गोष्ट सांगून तू मला वाढवलंस त्याच्या नावाचा दगड बसतोय आणि तुला मोठ्या यंत्राची काळजी. आईही अशीच होती. तू गोष्ट सुरू केलीस की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि उगाच भांडी लावत बसायची. मला वाटायचं, तिला सोसवत नाही. तुलाही सोसवत नसेल. पण आता आई नाही. आपण दोघींनी तरी समोर उभं राहायला हवं.

हो, घर तीन पायऱ्यांचंच आहे. खिडकी उजव्या हाताला. बाई उंच, वाळलेल्या, केस पांढरे आणि घट्ट बांधलेले. शिवतात. वाइनरीतल्या वाढप्यांचे ॲप्रन त्यांच्याकडेच शिवायला जातात असं कळलं. तुझ्या ओळखीच्या असतील तर आधी का नाही सांगितलंस? मी बोलले असते त्यांच्याशी.

कारण एक गोष्ट झालीय आणि ती मला थोडी टोचतेय. परवा एका पाहुण्याने विचारलं, ‘त्या बाईंना तुमच्या वडिलांचा राग आहे का?’ सगळ्यांसमोर. मी व्यवस्थापक बाईंना नुसतं सांगितलं की त्या कडीने गोष्ट मोडते. त्या म्हणाल्या, नियमच आहे, गल्लीतली घरं कंपनीचीच, सहलीच्या वेळेत दर्शनी खिडक्या उघड्या ठेवायच्या, गाव बंद दिसता कामा नये. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या घरी नोटीस पाठवली. आता खिडकी उघडी असते. बाई आत पाठमोऱ्या बसतात आणि शिवणयंत्र चालवतात. मी आवाज चढवला की त्यांचंही यंत्र जोरात चालतं.

नोटीस पाठवा असं मी म्हणाले नव्हते. पण पाठवू नका असंही म्हणाले नाही.

दगडावरचा मजकूर ठरला: ‘दोन सहकाऱ्यांना वाचवण्यासाठी ज्याने प्राण दिले त्या दिवेकऱ्याच्या स्मरणार्थ’, आणि खाली बाबांचं नाव. त्या दोघांचीही नावं घालावी असं मला फार वाटतं. तू आठवून बघ ना.

तुझी


२९ सप्टेंबर

बाळ,

आज बाईसाहेब म्हणत नाही. हे पत्र बसून वाच. बसमध्ये वाचू नकोस.

त्या शिंपीणबाई. हौदात आधी पडले त्यातला एक तिचा नवरा आणि दुसरा तिचा पाठचा भाऊ. एकाच घरातले दोघं. तू विचारलंस तेव्हा आठवत नाही म्हणाले. कोणाच्या कोणत्या खांद्यावर ठिगळ होतं तेही मला आठवतं.

मी तुला खोटं कधी सांगितलं नाही. मी गोष्ट अर्ध्यापासून सुरू केली. ‘दोघं खाली पडले आणि तुझा बाबा उतरला’, तिथून. ते पडले कसे हे तू विचारलं नाहीस. लहान होतीस तेव्हा सुचलं नाही, आणि सुचायच्या वयाची झालीस तोवर गोष्ट पाठ झाली होती.

त्या दिवशी मालकांनी पहिल्यांदाच पाहुणे बोलावले होते. तुझ्या सहलीचं हे बी म्हण. दहाबारा माणसं होती, दिवाणखान्यात पांढरी कापडं घातलेली टेबलं. पेले धुवायला-पुसायला मी होते. मालकांना वाटलं, तो पितळी दिवा शोभून दिसेल. म्हणून घासूनपुसून मधल्या टेबलावर ठेवला. इकडे हौद रिकामा झाला. तुझा बाप दिवा शोधत दिवाणखान्याच्या दारात आला. गुडघ्यापर्यंत लाल गाळ लागलेला. त्याने दिवा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मालक काही सांगत होते आणि पाहुणे हसत होते. मी त्याला हातानेच खूण केली, आत्ता नको, नंतर ये. मला लाज वाटली त्याच्या पायांची. सख्ख्या भावाच्या पायांची.

तो गेला. साधी मेणबत्ती लावून सोडली असती तरी चाललं असतं, हे आज मला कळतं. पण आमच्यात समज असा की खरं तोच दिवा बोलतो, दुसरी ज्योत फसवते. म्हणून मेणबत्ती घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. तो काठावर पालथा पडला, आत तोंड घालून दोनदा वास घेतला, आणि ‘खुला’ म्हणाला. बारा वर्षं तो शब्द कधी चुकला नव्हता. ते दोघं उतरले.

मग तो उतरला. ते खरं आहे. चौघं धरत होते, त्यांना झटकून उतरला. शूर म्हणून उतरला की वर तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून, हे मला बावीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. तूही ठरवायच्या भानगडीत पडू नकोस.

तुझ्या आईला सगळं ठाऊक होतं. एकदा मला म्हणाली, ‘वन्सं, पोरीला अर्धा बाप देताय.’ मी म्हटलं, ‘अर्धा तर अर्धा, अजिबात नसण्यापेक्षा बरा.’ त्यानंतर ती उठून जायला लागली.

शिंपीणबाईंच्या दारापासून आपलं दार हाकेवर. तू जन्मलीस तेव्हा पहिलं झबलं तिने शिवलं होतं. आम्ही गाव सोडलं त्या सकाळी ती पायरीवर उभी होती. तू आईच्या कडेवर. आम्ही तिघी तिच्यासमोरून गेलो आणि कोणी कोणाला काही म्हटलं नाही. आणि आता तू तिच्या खिडकीखाली त्याचं शौर्य सांगतेस, आणि तिने खिडकी उघडी ठेवून ऐकायचं. तुझं ते पत्र वाचल्यापासून मला घास उतरत नाही. पण हे माझ्या पदरचं आहे, तुझ्या नाही. मी ऑगस्टातच लिहायला हवं होतं.

दगड थांबव. मग माझ्यावर काय रागवायचं ते रागव.

आत्या


२० ऑक्टोबर

बाळ,

तीन आठवडे झाले. पोस्टमन मला बघून आता लांबूनच मान हलवतो.

रागाव, पण लिही. दोन ओळी शिव्या लिही. तुझ्या शेजारच्या मुलीला कोणाकडून तरी फोन करवला, ती म्हणाली रोज कामाला जाते. एवढं कळलं, बरं वाटलं. जेवतेस का हे तिला विचारायचं राहिलं.

आत्या


९ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. रागावले नाही असं लिहिणार नाही, तू अक्षरावरून ओळखशील.

तीन दिवस ताप आलाय सांगून खोलीत पडून होते. चौथ्या दिवशी व्यवस्थापक बाईंकडे गेले आणि म्हटलं, दगड थांबवा. त्या म्हणाल्या, ‘कोरून झालाय.’ मग मी त्यांना सगळं सांगितलं. दिवा कुठे होता, ‘खुला’ कोण म्हणालं, सगळं. मला वाटलं, आता या मला बाहेर काढतील, आणि काढावंच. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, ‘अहो, हे तर जास्त चांगलं आहे.’

‘म्हणजे?’

‘शूर माणसाच्या गोष्टी गावोगाव असतात. चुकलेल्या माणसाची कुठे असते? आणि दिवा पाहुण्यांच्याच टेबलावर. तुम्ही असंच सांगा. मुलगी स्वतः सांगते म्हटल्यावर लोक विसरणार नाहीत.’

मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. चला, म्हटलं, निदान खरं सांगायला मिळालं. शिंपीणबाईंची नोटीस मागे घ्या म्हटलं, ती त्यांनी हसत घेतली. दुसऱ्या दिवशी हौदापाशी मी सगळं खरं सांगितलं. तुझी खूणसुद्धा. ‘पेले पुसणारी एक बाई’ एवढंच म्हणाले, पण सांगितली. त्या दिवशी पूर्वीपेक्षा जास्त लोक रडले. बसमध्ये परतीच्या वाटेवर कोणी गाणी म्हटली नाहीत. वहीत ‘अविस्मरणीय’ असं तीन जणांनी लिहिलं. मला वाटलं, मी काहीतरी फेडलं.

गल्लीत मात्र तोंड उघडेना. आधी त्यांची क्षमा मागायला हवी होती. सोमवारी बस नसते. सकाळी गेले. तीन पायऱ्या चढायला मला किती वेळ लागला ते त्या आतून बघत असणार, कारण दार वाजवायच्या आधीच म्हणाल्या, ‘उघडंच आहे.’

खोली लहान. यंत्र खिडकीशी, एका बाजूला कापलेले ॲप्रन, दुसऱ्या बाजूला शिवलेले. ‘बस’ असं म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं, मला आता माहीत आहे. नोटिशीचं सांगितलं. माफी मागितली. शब्द सगळे पाठ करून गेले होते आणि ते पाठ केल्यासारखेच आले. त्या सुई ओवत होत्या.

‘सोमवारी तुला सुट्टी ना?’

‘हो. म्हणूनच आले.’

‘मलाही सोमवारीच असते.’

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

मी म्हटलं, ‘उद्यापासून विहिरीपाशी मी खरं सांगेन. तुमच्या घरच्या दोघांची नावं घेऊन. कोणाच्या चुकीने गेले तेही.’

‘सगळ्या गावाला ठाऊक आहे ते. तुझ्या बसवाल्यालासुद्धा. तुला कोणी सांगितलं नाही, कारण तू इतकं मन लावून सांगायचीस.’ त्यांनी दोरा दाताने तोडला. ‘आवाज चांगला आहे तुझा. बापाचाही होता. काठावरून ओरडला की वरच्या मळ्यात ऐकू यायचं.’

त्यांनी यंत्राच्या चाकावर हात ठेवला, चालवलं नाही.

‘महिनाभर मी रोज साडेतीनला माझा नवरा आणि माझा भाऊ मरताना ऐकत आले. आतापर्यंत खोटे मेले. उद्यापासून खरे मरतील. रोज. रविवारी दोन बस असतात ना, रविवारी दोनदा.’

‘मग मी काय करू?’

‘ते मला काय विचारतेस? शिकलेली तू.’

त्यांनी पुढचा ॲप्रन यंत्राखाली सरकवला. मी पायऱ्या उतरले. त्यांनी क्षमा केली का, हे तू विचारशील. नाही केली. मला ती मागायचं सुचलं, एवढीच नोंद त्यांनी घेतली असावी. तुझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मी आपण होऊन सांगितलं की आत्या आहे, दवाखान्यात कपडे धुते. त्या म्हणाल्या, ‘असू दे.’

मी व्यवस्थापक बाईंना सांगून टाकलं की आता ही गोष्ट मी सांगणार नाही, हौदापाशी नाही आणि गल्लीत तर नाहीच. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘थकलात तुम्ही. हंगाम संपेपर्यंत करा, मग बघू.’ बघायचं काही नाही, पुढच्या हंगामाला दुसरी मुलगी येतेय. तिच्यासाठी टाईप केलेला मजकूर मी टेबलावर पाहिला. चौदाची सोळा पानं झालीत. नवी दोन माझी आहेत, माझ्याच शब्दांत, जिथे थांबायचं तिथे कंसात ‘थांबा’ असं लिहून. दगडही बसला, जुन्याच मजकुराचा. पडदा वगैरे काही केलं नाही. बस वळते तिथे आहे. ड्रायव्हरकाका आता गाडी त्याच्यापुढे अशी उभी करतात की उतरणाऱ्यांना तो दिसत नाही. आम्ही त्यावर एकमेकांशी बोललेलो नाही.

मला वाटायचं, खरं शोधून काढलं आणि मोठ्याने सांगितलं की माझं काम झालं. कॉलेजात आम्ही यावर किती तावातावाने बोलायचो. ते कोणाच्या दारात उभं राहून सांगायचं, हे तिथे कोणी विचारलं नव्हतं, आणि मला आपण होऊन सुचलं नाही.

वीस तारखेला काम संपेल, मग घरी येईन. काय बोलायचं ते मला अजून माहीत नाही. बाबांचं तू मला काही सांगायला बसू नकोस, निदान लगेच नको. आई उठून जायची तेव्हा मी तिच्या मागे एकदाही गेले नाही, ते सारखं मनात येतंय.

जेवते. टाचा ठीक आहेत.

कालची सहल भरलेली होती. साडेतीनला सगळे विहिरीपाशी जमले आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले. विहिरीपासून दुकानापर्यंत चाळीस पावलं आहेत. मी चालायला लागले. आतून यंत्राचा आवाज येत होता. एक गृहस्थ, फार सभ्य, माझ्याबरोबर चालत आले आणि हळूच म्हणाले, ‘ताई, तुम्ही इथे काहीतरी सांगता असं आम्ही ऐकून आलोय. त्या घरात काय झालं होतं?’

मी म्हटलं, ‘तिथे एक बाई राहतात. त्यांचं काम चाललंय.’

ते थांबले, पुढे आणखी काही येईल म्हणून. मी चालत राहिले, मग तेही आले.

तुझी